नापासाचे पेढे

आमच्या गल्लीत पेढे आले की लोक विचारायचे, "आता कोण गेलं?"

इतर गावांत पेढे म्हणजे पोरगा झाला, नाहीतर झालेला पोरगा मॅट्रिक सुटला. मिरजेत, रेल्वे लायनीला चिकटलेल्या आमच्या गल्लीत मात्र पेढे म्हणजे एक औषध मेलं. वाटणारे सर. डॉक्टरीच्या पोरांना औषधशास्त्र शिकवायचे, पण ते अर्धा दिवस. उरलेला दिवस गल्लीच्या टोकाला, स्वतः भाड्यानं घेतलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. आत उंदीर, ससे, बेडूक आणि छपरावर कबुतरं. नाकावर काजळी, शर्टावर काजळी, हातात सातारच्या कंदी पेढ्यांचा पुडा. दारोदार फिरायचे आणि चेहरा असा की जणू घरी नवा जावई आलाय.

"घ्या, घ्या! आणखी एक नापास!"

नवं बिऱ्हाड असलं तर गोंधळायचं. "कोण नापास, सर?"

"औषध. उंदराचं यकृत सुजलं. सुटलो!"

"मग पेढे कशाला?"

"अहो, तुमचं नाही सुजलं म्हणून!"

पेढे ते आधीच मागवून ठेवायचे. सातारच्या यष्टीचा एक कंडक्टर पुडा आणून टाकायचा. निकाल लागायच्या आत पेढे कसे काय, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "पास होणारं औषध मी अजून पाहिलेलं नाही. पेढे वाया जात नाहीत."

एक स्पष्ट सांगून टाकतो. मी सरांचा शिष्य नव्हे. भक्त तर नव्हेच. भक्ती आमच्या घरानं मी शाळेत असतानाच सोडली, भिंतीवरचे झाडून सगळे देव उतरवले आणि बुद्धाची एकच तसबीर लावली. मी सरांवर मोर्चा काढलेला माणूस आहे. तेव्हा हे लिहिताना मी गोडबोलेपणा करीन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. गोड होते ते फक्त पेढे.

मोर्चाचं कारण साधं होतं. त्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतली निम्मी पोरं खोकत होती. सरकारी दवाखान्यात औषध मागायला गेलं तर बाटलीत लाल पाणी मिळायचं, आणि ते पाणी देणाराही उपकार केल्यासारखा बघायचा. इकडे सरांच्या शेडमध्ये सशांना हिरवागार चारा, वर अंगाखाली गवताच्या गाद्या. माझं डोकं फिरलं. मी पत्रक छापलं. मथळा असा: 'सशांना गाजर खायला, गरिबांना गाजर दाखवायला!' आजही तो मथळा वाचला की मला माझाच अभिमान वाटतो.

तरुण मंडळ घेऊन शेडपुढे गेलो. पुढे तालमीतला गुंडा. त्याची एक मांडी म्हणजे आमचं अख्खं मंडळ. सर बाहेर आले, तोंडाला काजळी, हातात चिमटा. मी पत्रक मोठ्यानं वाचलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. असं कुणी ऐकत नाही. मोर्चाची एक रीत असते: आपण ओरडायचं आणि साहेबानं दार लावून घ्यायचं. ऐकणारा साहेब भेटला की पुढं काय करायचं हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

"जोरदार आहे," सर म्हणाले. "फक्त ससे गाजर खात नाहीत. परवडत नाही. लसूणघास खातात. आता आलाच आहात तर आत या. चपला बाहेर काढा, घोषणाही बाहेरच ठेवा. आतल्या मंडळींना धडधडतं."

अशा रीतीनं मोर्चा चपला काढून आत गेला.

आत काय बघतो? भिंतीला ओळीनं भोपळे टांगलेले. तंबोऱ्याचे मोठमोठे भोपळे, प्रत्येकाला भोक, प्रत्येक भोकातून एक पांढरा उंदीर मिशा हलवत आमच्याकडे बघतोय. मिरजेत सतारी-तंबोरे करणाऱ्यांची आळी आहे, हे कुणाला सांगायला नको. त्यातल्या एका चाचांशी सरांचा तह होता. चाचा म्हणायचे, "भोपळा सुरात बोलला तर माझा, बेसूर निघाला तर सरांच्या उंदरांचा." म्हणून तर मी म्हणतो, या राज्यात साखरेच्या कारखान्याला माळच्या माळ मिळतो आणि औषध शोधणाऱ्याला बेसूर भोपळा! हे मी आजही छापायला तयार आहे.

मधल्या टेबलावर एक पितळी डबा घड्याळाच्या यंत्रावर हळूहळू फिरत होता. डब्याला कागद गुंडाळून कंदिलाच्या धुरावर काळाकुट्ट केलेला. (ती काजळी इथली! आमची रेल्वेची माणसं सरांना बरेच दिवस इंजिनवरचा फायरमन समजून विडी देत होती, आणि सर ती घेत होते.) शेजारी काचेच्या नळीत कोमट पाणी, त्यात सशाच्या आतड्याचा बोटभर तुकडा दोऱ्यानं टांगलेला. आणि तो तुकडा हलत होता! आखडायचा, सैल पडायचा, आखडायचा, सैल पडायचा. दोऱ्याला काडी बांधलेली, ती काडी काळ्या कागदावर पांढऱ्या लाटा ओरखडत होती.

"ससा कुठाय?" गुंडानं विचारलं.

"सकाळीच गेला," सर म्हणाले. "आतड्याला अजून कळवलेलं नाही."

एवढं ऐकून गुंडा, ज्यानं कुंडलच्या मैदानात भलेभले लोळवले होते, तो धाडकन आडवा झाला. आम्ही कांदा शोधायला धावलो. परत येतो तर सरांनी त्याला रेल्वे पार्सलच्या जुन्या काट्यावर सरकवून वजन करून घेतलेलं. "चांगलं भरलं," ते खुशीत म्हणाले. "एवढ्या माणसाला किती लागेल याचा अंदाज मला येतच नव्हता."

ही सरांची खोड. वजन. भेटला माणूस की नमस्काराआधी वजन. सगळं जग त्यांना किलोमागे दिसायचं. चहा केला तर पाहुण्याच्या वजनाप्रमाणे साखर. गुंडाला चहा म्हणजे पाक, मला म्हणजे काढा. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे चहा प्यायला सुधारक पुष्कळ येऊन गेले होते. कप तोंडाला लावताना त्यांचे डोळे बघण्यासारखे असत. एक घोट चहा आणि दहा घोट स्वतःचं कौतुक. सरांनी कप रिकामा केला, बशी चाटली आणि माझ्या आईला विचारलं, "बाई, तुमचं वजन किती?"

आई पदर खोचून उभी राहिली. "म्हशीच्या बाजारात आलाय व्हय, सर?"

त्या दिवसापासून आईचं आणि त्यांचं जमलं.

दुसरी खोड म्हणजे उंदरांना अहो-जाहो आणि विद्यार्थ्यांना अरे-तुरे. "अहो, जरा इकडे या, शेपूट द्या," असं म्हणून उंदराला उचलायचे, आणि त्याच दमात विद्यार्थ्यावर "गाढवा, सुई नीट धर." हा काय न्याय, असं मी विचारलं. विषमता कुठंही दिसली की मी विचारतोच. म्हणाले, "गाढव संध्याकाळी घरी जातं. हे जात नाहीत."

मी त्यावर पत्रक काढायचं ठरवलं होतं. ते अजून काढायचं राहिलंय.

लोकांचा समज असा की असले लोक औषध शोधतात. सर भडकायचे. "शोधायला काय लागतं? मेंढरांमागचा मेंढका शोधतो, म्हातारी शोधते, रसायनवाला बाटल्या हलवून शोधतो. माझं काम शोधलेल्याला पाडायचं. आधी काचेत पाडून बघायचं, मग उंदरात, मग सशात. थोडं देऊन पाडायचं, फार देऊन पाडायचं, रोज रोज देऊन पाडायचं. सगळ्या डावांना पुरून उरलं तरच त्याला माणसाच्या डॉक्टरकडे पाठवायचं. नाहीतर चितपट!" आणि चितपट झालं की सातारचा पुडा.

सगळ्याच गोष्टी त्यांनी नापास केलेल्या. कॉलेजचा चहा नापास. आमच्या आमदाराचं भाषण नापास. माझं पत्रक नापास ("भाषेचा डोस जास्त झालाय"). एकदा सांगलीचा एक टॉनिकवाला आला. जत्रांतून बाटल्या विकायचा, बाटलीवर सिंह. सरांनी नुसतं 'चांगलं आहे' म्हणावं, एवढीच त्याची इच्छा.

"उंदराला पाजलंत?" सर.

"उंदीर कशाला? खुद्द सासूबाईंना पाजलं!"

"मग?"

"ठणठणीत!"

"एक सासू म्हणजे प्रयोग नव्हे," सर म्हणाले. "वीस सासवा आणा. दहांना टॉनिक द्या, दहांना नुसतं गुळाचं पाणी, आणि कुणाला काय दिलंय ते त्यांना कळता कामा नये."

टॉनिकवाला सायकलवर बसला तो थेट कृष्णा ओलांडेपर्यंत थांबला नसेल.

आता मुळीचं सांगतो. कारण सरांच्या आयुष्यात एकच गोष्ट अशी होती की जिला त्यांनी 'नापास' म्हटलं नव्हतं, ती ही मुळी.

म्हसवडच्या सिद्धनाथाच्या जत्रेत सरांना बिरामामा भेटला होता. माण तालुक्यातला मेंढका. मेंढीच्या पोटात कळ उठली, ती वाकडी-तिकडी व्हायला लागली की तो माळावरची एक मुळी उगाळून पाजायचा. सरांनी त्याच्याकडून गाठोडंभर मुळ्या आणल्या. उकळल्या, स्पिरिटमध्ये भिजवल्या, गाळल्या, आटवल्या. आतड्याच्या तुकड्यावर थेंब टाकला, आणि काळ्या कागदावरच्या लाटा शांत झाल्या. सरळ रेघ. पाणी बदललं की लाटा परत चालू. सरांनी तो कागद चाचांच्या लाखेच्या पॉलिशमध्ये बुडवून पक्का केला आणि भिंतीवर लावला, जसा लोक लग्नाचा फोटो लावतात. मग उंदरांनी मुळी पचवली. महिनोन्महिने पचवली. मग कबुतरं आणली.

"कबुतरं कशाला?"

"उंदीर ओकत नाही. ससाही ओकत नाही. देवानं त्यांना ती सोय दिलेली नाही. कबुतर ओकतं." आणि मुळी दिलेलं कबुतर ओकायचं औषध पाजूनही ओकेना. सर त्या दिवशी शेडमध्ये चक्क नाचले. मी पाहिलंय. नाच नापास होता.

बिरामामा दर साल मेंढरं घेऊन नदीकाठाला उतरला की शेडवर चक्कर टाकायचा. "काय सर, आमच्या मुळीनं किती मानसं बरी केली?"

"एकही नाही."

"आँ? इतकी सालं काय करताय मग?"

"मामा, गाभण मेंढीला देता का ही?"

बिरामामानं पटका काढून डोकं खाजवलं. "दिली आसंल की. न्हाई बी दिली आसंल. कोन ध्यान ठेवतंय? मेंढी काय सांगत्या व्हय?"

"कोकरं नीट होतात?"

"व्हत्यात. न्हाईत बी व्हत. माळावर लय कोकरं मरत्यात, सर. मरान काय एक हाय?"

सर माझ्याकडं वळून म्हणाले, "बघ. हजारो वर्षांचं ज्ञान म्हणता ना तुम्ही लोक? हजारो वर्षं दिलं, हे खरं. हजारो वर्षं कुणी मोजलं नाही, हेही खरं."

त्याच सुमाराला परदेशातल्या एका गोळीची बातमी पेपरात आली. झोपेची गोळी, गरोदर बायकांना मळमळीवर दिलेली. आणि मुलं जन्माला आली ती हातांशिवाय, पायांशिवाय. मी संतापून टेबलावर मूठ आपटली. असल्या कंपन्यांबद्दल माझं मत काय होतं ते इथं छापता येणार नाही.  सरांनी ते कात्रण सशांच्या खुराड्यावर चिकटवलं आणि म्हणाले, "गाभण सशी लागतील. बऱ्याच."

आणि नेमकी तेव्हाच माझी अक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातव्या महिन्यात यायची रीत. ही तिसऱ्यातच आली, कारण पोटात पाणी ठरेना. भाकरी ठरेना, ताक ठरेना, वास आला तरी भडभडून यायचं. डोळे खोल गेलेले. मुळात अक्का म्हणजे गल्लीतलं सगळ्यात मोठं हसू. ती हसेनाशी झाली तेव्हा आई घाबरली, आबा घाबरले, आणि मी सरांकडे गेलो.

"सर, मुळीचा अर्क द्या."

"नाही."

"कबुतराला दिलात!"

"दिला."

"अक्का कबुतरापेक्षा हलकी आहे का तुमच्या काट्यावर?"

"नाही," सर म्हणाले. "म्हणूनच नाही."

मी तडक छापखान्यात गेलो. मथळा: 'कबुतराला औषध, लेकीला उपदेश!' गल्लीभर वाटलं, एक प्रत सरांच्या दारात सरकवली. दुसऱ्या दिवशी जातो तर पत्रक सशांच्या खुराड्यावर, त्या कात्रणाच्या शेजारी चिकटवलेलं.

"जोरदार आहे," सर म्हणाले. "पण एक चूक आहे. 'सरांकडे औषध आहे' असं लिहिलंयस. माझ्याकडे औषध नाही. माझ्याकडे मुळीचा अर्क आहे. औषध व्हायचंय त्याचं."

मग छत्री घेतली आणि माझ्या आधी आमच्या घरी पोचले. अक्काला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं, सलाइन लावून घेतलं. शिरेतून पाणी चाललं तेव्हा तिनं डोळे उघडले. घरी आणल्यावर सर रोज यायचे. मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं, कोरडे चुरमुरे मूठमूठ, सकाळी उठायच्या आत भाकरीचा कडक पापुद्रा. आणि वजन! पार्सलचा काटा हातगाडीवर घालून आमच्या दारात आणायचे. अक्का गोणपाटावर बसायची, सर डोळे बारीक करून काटा बघायचे, गल्ली गोळा व्हायची.

"पोरीचं पार्सल केलं की वो सर तुमी!" आई म्हणायची.

"किती भरले?" अक्का विचारायची. "तिकीट फाडा की मग. सासरी पाठवा मालगाडीनं." ती परत बोलायला लागली होती. पण ओकारी थांबली नव्हती. एकदा काट्यावर बसल्या बसल्या तिनं सरांचा हात धरला. "द्या की सर ती मुळी. माझ्या जिवाचं मी बघते."

"तुझ्या जिवाचं मी बघतोच आहे," सर म्हणाले. "आतल्याचं वजन मला करता येत नाही."

अक्कानं त्यांचा हात सोडला. मी पिच्छा सोडला नाही. "मग ससे सांगतील ते कधी सांगणार? तिचे नऊ महिने भरल्यावर?"

"ससे वेळेवर सांगतील," सर म्हणाले, "तुझा बाप सांगू देईल तर."

हे खरं होतं. शेड लायनीला लागून. गाडी आली, शिट्टी झाली की गाभण सशी दचकायच्या आणि गाभ टाकायच्या. मुळी दिलेली टाकायची, नुसतं पाणी दिलेलीही टाकायची. मग दोष कुणाचा? सर पेटलेच. "मुळीचा गुन्हा की इंजिनाचा, हे मला कळल्याशिवाय मी पुढं जाणार नाही." आबा रेल्वेत फायरमन. सर त्यांच्यापुढं हात जोडून उभे. "शिट्टी वाजवू नका. फक्त आमच्या शेडपाशी."

आबा शांत माणूस. म्हणाले, "सायब, शिट्टी डायवरच्या हातात. आन् न्हाई वाजिवली तर फाटकात मानसं मरत्याल."

"वाजवली तर ससे मरतात."

"मंग सशांची बदली करा. रेल्वेची कशी व्हनार?"

आणि बदली झाली. चाचांच्या माळ्यावर. सगळी खुराडी हातगाडीवरून सतारींच्या आळीत गेली, पुढं सर, मागं मी. वाटेत पोरांनी विचारलं, "वरात कुणाची?" सर म्हणाले, "गरोदर बायकांची." खाली चाचा दिवसभर तंबोऱ्याच्या तारा जुळवत बसायचे, वर सशी कान पाडून निवांत. एक दचकेल तर शपथ. चाचा लोकांना सांगत सुटले, "माझ्या तंबोऱ्यावर ससे पोसतायत! बडे बडे गवई उपाशी मेले, ससे पोसतायत!"

अर्ध्या सशींना मुळी, अर्ध्यांना पाणी. मी मोठ्या मनानं चारा पोचवायचो. पत्रक मागं घेतलं नव्हतं, हे नोंदवून ठेवतो. इकडे अक्काची ओकारी हळूहळू आपोआप उतरली आणि पोट वर आलं. काट्यावर ती रोज जड होत गेली, आणि सर रोज हलके. बोलायचे कमी. "काय म्हणतेय मुळी?" असं विचारलं की म्हणायचे, "अजून पोटात आहे." तरी त्यांच्या डोळ्यांत एक वेडी आशा असायची. पहिल्यांदाच कंडक्टरला त्यांनी पेढे सांगितले नव्हते.

अक्का पहाटे बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप. गल्लीतल्या बाया ओळीनं आल्या, आणि ओळीनं म्हणाल्या, "असू दे, पहिली बेटी." या 'असू दे' वर माझं एक पत्रक आहे, दोन्ही बाजूंनी छापलेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर आले. मी ओळखलंच नाही. नाकावर काजळी नव्हती. धुतलेला शर्ट, विंचरलेले केस. हातात सातारचा पुडा.

आईनं कपाळाला हात लावला. "आवं सर, पोरगी झालीया. पेढं पोराला वाटत्यात. पोरीला बर्फी."

मी उसळलोच. "आई, हे कुणी ठरवलं? धर्म बदलला तरी हलवायाचा धर्म तोच काय?"

"पेढे तिचे नाहीत, बाई," सर म्हणाले. "औषधाचे आहेत."

मी विचारलं, "कोणतं औषध?"

"ते."

"मुळी?"

त्यांनी मान हलवली. "पाणी दिलेल्यांची पिल्लं चांगली आहेत. गुबगुबीत. मुळी दिलेल्यांची..." ते स्वतःचा कोपर चोळायला लागले. "पुढचे पाय. फार आखूड. काहींना नाहीतच." मग एकदम पुडा पुढं केला. "घ्या. नापास. मीच साताऱ्याला जाऊन आणले. येताना वाटलं, वाटेत बस थोडी रेंगाळली तर बरं."

कुणीच हात पुढं केला नाही. अक्का बाजेवर उठून बसली होती. तिला सगळं कळलं. तिनं कुशीतलं बोचकं उचललं आणि सरांपुढं धरलं.

"बघा," ती म्हणाली.

सरांनी मोरीत जाऊन हात धुतले. परत परत धुतले. मग खाली बसले, दुपटं बाजूला केलं. एका हाताची मूठ सोडवली, एक एक बोट उलगडलं, मिटलं. मनगट फिरवलं. कोपर वाकवला, सरळ केला, खांद्यापर्यंत अंगठ्यानं चाचपत गेले. मग दुसरा हात. मग पाय, घोटे, पायाची बोटं, त्यांच्या मधल्या फटी. नवजात पोर ते; त्यानं नाराजीनं तोंड वाकडं केलं आणि सणसणीत लाथ हाणली.

आईला राहवेना. "आवं सर, ससा न्हवं त्यो! माझी नात हाय!"

सरांनी दुपटं नीट गुंडाळलं. अक्काच्या मांडीवर ठेवलं. चष्मा काढून पुसला, पुसत राहिले.

"पास," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून तो शब्द मी आधी कधी ऐकला नव्हता. बहुतेक त्यांनीही नव्हता. कारण म्हणून झाल्यावर ते जरा दचकून इकडंतिकडं बघायला लागले, कुणी दुसरंच बोललं की काय म्हणून. मग अक्का हसली. तिचं ते जुनं, अख्ख्या गल्लीत ऐकू जाणारं हसू. सर हसले. आईनं पुड्यातला पहिला पेढा काढून सरांच्या तोंडात कोंबला, दुसरा माझ्या, आणि पुडा माझ्या हातात दिला. "जा. गल्लीत वाट. बर्फी गेली खड्ड्यात."

सर आता निवृत्त होऊन साताऱ्याला असतात. तिथं पेढे जवळ पडतात म्हणे. बिरामामाकडून नव्या मुळ्या मागवतात आणि पाडतात. भांडण अजून आहेच, त्यांच्या शेडला सरकारनं पत्रा सोडा, खिळासुद्धा दिला नाही, हे मी सांगत सुटतो, आणि ते म्हणतात, "डोस कमी कर."

पण त्या दुपारी मी पुडा घेऊन बाहेर पडलो. पहिल्याच दारात गुंडाची आई धुणं वाळत घालत होती. पेढे बघून तिनं चिमटा तोंडातून काढला आणि नेहमीसारखं विचारलं, "आता कोण गेलं रं?"

"एक गेलं, मावशी," मी म्हणालो, "आन् एक आली. दोन घ्या."